कबरीवरचा खोडलेला शब्द

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावी दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींचा गुणगौरव होता. दरवर्षी निकालानंतर आम्ही काही शिक्षकमित्र तो घडवून आणतो. शादीखान्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत जमातीचे ज्येष्ठ, मागे आया आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारी धाकटी भावंडे, सारे नेहमीचेच. त्या वर्षी नवे एवढेच की स्टेजमागे एक मोठा फ्लेक्स लावला होता. वर 'इल्म हमारी मीरास' असे लिहिलेले आणि खाली दहा चित्रे: जाबिर इब्न हय्यान, अल-ख्वारिज्मी, अल-किंदी, अर-राझी, अल-बिरुनी, इब्न सिना, इब्न अल-हैसम, इब्न रुश्द, आणि शेवटी आपल्या काळातले दोघे, अब्दुस सलाम व अब्दुल कलाम. (या शेवटच्या दोन नावांत आमच्याकडे नेहमी घोटाळा होतो. सलाम पाकिस्तानचे, नोबेल मिळालेले. कलाम आपले, राष्ट्रपती झालेले. एका वक्त्याने तर भाषणाच्या भरात कलामांनाच नोबेल देऊन टाकले होते.)

कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना एका हाजीसाहेबांनी आम्हाला बाजूला घेतले. माणूस सज्जन. गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांना दरवर्षी पैसे देणारा. आवाज न चढवता ते म्हणाले, "सर, ये नववा फोटो जिसका है, वो कादियानी है ना? मौलाना आनेवाले हैं. फुकट का फितना कायकू?"

आम्ही वाद घातला नाही. वाद घालण्याइतके आम्हाला माहीत नव्हते असेही नाही. कार्यक्रम मोडायला नको, देणगीदार दुखवायला नको, मुलांचा दिवस खराब व्हायला नको, अशी तीन कारणे आम्ही मनातल्या मनात झटपट जुळवली. मग खुर्चीवर चढून आम्ही स्वतःच नवव्या चित्रावर एक पांढरा कागद चिकटवला. कागद किंचित तिरका लागला. बारावीत गणितात सर्वाधिक गुण मिळवलेली मुलगी बक्षीस घेऊन उतरताना आम्हाला विचारून गेली, "सर, त्या कागदाखाली कोण आहे?"

आम्ही म्हणालो, "काही नाही बेटा, छपाईत चूक झाली होती."

त्या उत्तरासाठी हा लेख लिहितो आहोत.

अब्दुस सलाम यांचा जन्म २९ जानेवारी १९२६ चा. अखंड पंजाबातल्या झंग गावात ते वाढले. वडील चौधरी मुहम्मद हुसेन शिक्षण खात्यात नोकरीला होते. घरात पैसा बेताचा, पण शिकण्याला मान होता. चौदाव्या वर्षी सलाम मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात पहिले आले आणि तोवर कोणाला मिळाले नव्हते इतके गुण त्यांना मिळाले. सायकल मारत ते गावात शिरले तेव्हा दुपारची वेळ होती. एरवी उन्हाच्या त्या वेळी दुकाने मिटून आत जाणारे हिंदू व्यापारी त्या दिवशी या पोराच्या सन्मानार्थ दुकानांबाहेर उभे होते. पुढे जगभरातले सन्मान मिळाल्यावरही सलाम ही आठवण सांगत. शिक्षणाला मान द्यायचा म्हणजे काय हे त्या दुपारी कळले, असे त्यांचे म्हणणे असे. सात वर्षांनी फाळणी झाली आणि झंगच्या बाजारातले ते व्यापारी गेले.

लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात असताना, १९४३ मध्ये, रामानुजन यांच्या एका गणिती प्रश्नावर सलामांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. वय सतरा. केंब्रिजला जाण्याची कहाणी तर नशिबाचा खेळच आहे. महायुद्धाच्या मदतीसाठी पंजाबात गोळा केलेला निधी युद्ध संपल्यामुळे शिल्लक राहिला. पंजाबचे प्रधान खिज्र हयात तिवाना यांनी त्यातून छोट्या शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशी शिष्यवृत्त्या द्यायचे ठरवले. सलाम लगेच, १९४६ मध्येच, निघाले. इतरांचे जाणे पुढच्या वर्षावर गेले, आणि पुढच्या वर्षी तो पंजाबच राहिला नाही.

केंब्रिजहून नाव कमावून ते १९५१ मध्ये लाहोरला परतले, शिकवायला. तिथे त्यांची जी परवड झाली ती आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजातल्या प्राध्यापकाला ओळखीची वाटेल. संशोधनाला कोणी विचारीना. अध्यापनाखेरीज एखादे काम पत्करा म्हणून सांगण्यात आले आणि त्यांच्या वाट्याला कॉलेजचा फुटबॉल क्लब आला. त्याच काळात वोल्फगांग पाउली हे त्या काळचे फार मोठे पदार्थवैज्ञानिक मुंबईला आले होते. त्यांची तार आली तसे सलाम उठून मुंबईला गेले. कितीतरी दिवसांनी आपल्या विषयावर बोलायला माणूस मिळाला होता. परत गेल्यावर विनापरवानगी जागा सोडल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला. लाहोर ते मुंबई हा प्रवास एका माणसाला केवळ चार शास्त्रीय वाक्ये ऐकण्यासाठी करावा लागला. सलामांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कल्पनेचे बीज आम्हाला या प्रवासातच दिसते.

१९५३ साली लाहोरमध्ये अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या. घरे-दुकाने जळाली, माणसे मारली गेली, लष्करी कायदा लावावा लागला. सलाम जन्माने अहमदिया. या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९५४ मध्ये आला. आयोगाने वेगवेगळ्या पंथांच्या नामांकित उलेमांना एकच साधा प्रश्न विचारला होता: मुसलमान कोणाला म्हणायचे, व्याख्या सांगा. अहवालात नमूद आहे की कोणाही दोघांची उत्तरे जुळली नाहीत. एकाची व्याख्या मानली तर बाकीचे सगळे इस्लामबाहेर जात होते. त्याच १९५४ साली सलाम केंब्रिजला परत गेले. १९५७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. देश सुटला, पण पाकिस्तानी नागरिकत्व त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही.

आता त्यांच्या विचाराकडे वळू. निसर्गातल्या सगळ्या हालचालींमागे चार मूळ बले आहेत असे पदार्थविज्ञान मानते. गुरुत्वाकर्षण आपल्या परिचयाचे. विद्युतचुंबकीय बलावर आपले दिवे, मोबाईल आणि शरीरातले रसायनही चालते. अणूच्या केंद्राला बांधून ठेवते ते तिसरे, प्रबळ बल. आणि चौथे क्षीण बल, ज्यामुळे काही अणू किरणोत्सर्ग करतात आणि ज्याच्याशिवाय सूर्य पेटलाच नसता. ही चार बले चार वेगळी सत्ये आहेत, की एकाच सत्याची चार रूपे? सलामांना पहिल्यापासून वाटत होते की ती एकच असावीत. विद्युतचुंबकीय आणि क्षीण या दोन बलांबाबत हे सिद्ध करून दाखवणाऱ्या तिघांपैकी ते एक. दुसरे दोघे अमेरिकेचे शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग.

अडचण अशी होती की ही दोन बले मुळीच सारखी दिसत नाहीत. एकाचा वाहक प्रकाशकण, त्याला वजनच नाही, म्हणून त्याचा पल्ला अमर्याद. दुसऱ्याचे वाहक अवजड असले पाहिजेत, इतके की त्या बलाचा पल्ला अणुकेंद्राच्याही आत संपावा. मग ही दोन्ही एक कशी? उत्तर असे की मूळ नियमात समानता आहे, ती पुढे मोडली. गोल दस्तरखानाभोवती माणसे बसली आहेत आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये पाण्याचा एकेक पेला आहे अशी कल्पना करा. डावा पेला माझा की उजवा? कोणीच ठरवलेले नाही, दोन्ही बाजू सारख्या. पण एकाने उजवीकडचा उचलला की सगळ्यांना उजवाच घ्यावा लागतो. मांडणीत भेदभाव नव्हता, वापरात आला. असाच भेद विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळात या दोन बलांत पडला. १९७३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत या सिद्धांताला पहिला मोठा पुरावा मिळाला. १९७९ मध्ये तिघांना नोबेल मिळाले, आणि सिद्धांताने आधीच सांगितलेले ते अवजड कण, प्रोटॉनच्या सुमारे ८६ ते ९७ पट जड, १९८३ मध्ये सर्नमध्येच प्रत्यक्ष सापडले.

स्टॉकहोमच्या समारंभात सलाम अचकन, पांढरी पगडी आणि पंजाबी जोडे घालून गेले. मेजवानीच्या भाषणात त्यांनी सूरह मुल्कमधल्या, माणसाला सृष्टीकडे पुन्हा पुन्हा नजर टाकायला सांगणाऱ्या आयती म्हटल्या. पुढे आपल्या भाषणांत ते मुस्लिम श्रोत्यांना सांगत, की कुरआनात कायद्यासंबंधीच्या आयती सुमारे २५० आहेत आणि निसर्गाचा विचार करा, अक्कल वापरा असे सांगणाऱ्या सुमारे ७५०. मग आपल्या मिंबरावरून या दुसऱ्या आयतींवर किती बोलले जाते? विश्वाच्या मुळाशी एकत्व आहे ही आपली ओढ तौहीदच्या संस्कारातून आली, हेही त्यांनी लपवले नाही.

इथपर्यंत वाचून आपल्यातल्या पुष्कळांची छाती फुगेल. पण पुढचे ऐकायला हवे. पाकिस्तानी शास्त्रज्ञ परवेझ हुदभॉय यांच्या इस्लाम आणि विज्ञान या विषयावरच्या पुस्तकाला सलामांनी प्रस्तावना लिहिली आहे. तीत ते म्हणतात की आपण श्रद्धावान आणि वाइनबर्ग नास्तिक, दोघे दोन देशांत काम करत होतो, आणि तरी दोघे एकाच सिद्धांतापाशी पोहोचलो. श्रद्धेने किंवा नास्तिक्याने त्या कामात फरक पडला नाही. हे लिहायला धैर्य लागते. श्रद्धेने त्यांना रस्त्यावर आणले असेल, पण रस्ता बरोबर आहे की नाही हे श्रद्धेला विचारून ठरत नाही. आपल्याकडे हल्ली प्रत्येक नवा शोध आधीच कुरआनात होता असे सांगणाऱ्या पुस्तिका जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर विकल्या जातात. आम्ही त्यातल्या पुष्कळ वाचल्या आहेत. शोध लागण्याच्या आधी ती आयत कोणाला का दिसली नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांत कुठेही नाही. पवित्र ग्रंथाला पाठ्यपुस्तक केले की पाठ्यपुस्तक बदलल्यावर ग्रंथाची अडचण होते, एवढे तरी त्या लेखकांना कळायला हवे.

आणि निसर्गाने सलामांनाही नकार दिलाच. ओडिशाचे जोगेश पति आणि सलाम यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पाऊल पुढे टाकले. हा काळ लक्षात घ्यावा: भारत-पाकिस्तान युद्धाच्या आगेमागे एक भारतीय आणि एक पाकिस्तानी मिळून विश्वाचे एकत्व शोधत होते. त्यांचे म्हणणे, प्रबळ बलही याच कुटुंबातले आहे. आणि तसे असेल तर ज्या प्रोटॉनला आपण अविनाशी समजतो तो कधी ना कधी क्षय पावलाच पाहिजे. हा क्षय शोधायला जगभर प्रयोग झाले. त्यांतला एक कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर मांडला. काही संशयास्पद खुणा मिळाल्या, पण त्या टिकल्या नाहीत. आज जपानमधल्या मोठ्या प्रयोगानंतर इतकेच म्हणता येते, की प्रोटॉनचे आयुष्य असलेच मर्यादित तर ते एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक आहे. प्रोटॉनने सलामांच्या तौहीदची भीड ठेवली नाही. सलामांनीही ती ठेवावी असा आग्रह धरला नाही.

मुंबईत भेटलेल्या त्या पाउलींची आणखी एक गोष्ट इथेच सांगावी. १९५६ मध्ये एका रात्रीच्या विमानप्रवासात सलामांना न्यूट्रिनो या कणाबद्दल एक नवी कल्पना सुचली. निसर्गात डाव्या-उजव्याची समानता मोडत असावी, ती का मोडते याचे ते उत्तर होते. त्यांनी ती पाउलींना कळवली. निरोप आला, याहून बरे काही सुचते का पाहा. सलामांचा धीर खचला. काही महिन्यांतच प्रयोगांनी डाव्या-उजव्याचा तो भेद खरा ठरवला. सलामांची कल्पना इतरांनीही स्वतंत्रपणे मांडली आणि तिचे श्रेय विभागले गेले. विज्ञानातही तकलीद असते, थोरांच्या शब्दापुढे मान तुकवणे असते. पण तिथे पाउलींना आपली चूक मान्य करणारे पत्र लिहावे लागले. ज्यांनी कोणाला काफिर ठरवले त्यांच्याकडून असे पत्र आल्याचे आमच्या वाचनात नाही.

लाहोरच्या एकटेपणातून सलामांनी काय उभे केले ते पाहा. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत त्यांनी मागणी केली की गरीब देशांतल्या वैज्ञानिकांसाठी सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे एक केंद्र काढावे. एका श्रीमंत देशाचा प्रतिनिधी म्हणाला, सैद्धांतिक पदार्थविज्ञान म्हणजे विज्ञानातली रोल्सरॉइस. या देशांना बैलगाडी पुरे. सलाम हटले नाहीत. १९६४ मध्ये इटलीत ट्रीएस्ट इथे ते केंद्र सुरू झाले आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ते चालवले. त्यातली एक योजना आम्हाला फार मोलाची वाटते. घाना, बांगलादेश, पेरू, भारत, कुठलाही असो, आपल्या देशात राहून काम करणाऱ्या वैज्ञानिकाला काही वर्षांसाठी असा हक्क द्यायचा, की त्याने दर थोड्या काळाने ट्रीएस्टला यावे, आठवडे-महिने राहावे, नवे काय चालले आहे ते शिकावे आणि आपल्या देशात परत जावे. देश की विज्ञान, ही निवड जी सलामांना करावी लागली ती दुसऱ्या कोणाला करावी लागू नये. नोबेलमधला आपला वाटा त्यांनी सगळाच्या सगळा विकसनशील देशांतल्या वैज्ञानिकांसाठी दिला, घरच्यांवर एक पैसाही खर्चला नाही. तिथे येणाऱ्याला कोणी मजहब विचारत नव्हते, आणि शीतयुद्धाच्या काळात कुठल्या गोटातला हेही विचारत नव्हते.

आपल्या भाषणांत ते एक तुलना करत, ती हिंदुस्थानातल्या वाचकांनी तरी विसरू नये. सतराव्या शतकात मोगलांनी ताजमहाल बांधला आणि लंडनमध्ये सेंट पॉलचे चर्च उभे राहिले. कारागिरीत दोघांत डावे-उजवे करणे कठीण. पण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये तिसरे एक स्मारक तयार झाले, १६८७ सालचा न्यूटनचा ग्रंथ, आणि त्याच्या तोडीचे मोगलांच्या हिंदुस्थानात काहीही नव्हते. आपण अजून ताजमहालच दाखवत असतो.

आता त्या कागदाखालच्या प्रश्नाकडे. ७ सप्टेंबर १९७४ रोजी पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले. सलाम १९६१ पासून पाकिस्तानच्या अध्यक्षांचे, पुढे सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते. त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर त्यांनी दाढी राखली. १९७९ मध्ये नोबेल घेऊन ते मायदेशी गेले तेव्हा सरकारने मोठा किताब दिला, पण राजधानीतल्या विद्यापीठात ठरलेले त्यांचे भाषण विद्यार्थी संघटनेच्या धमकीमुळे तिथे होऊ शकले नाही. १९८४ च्या वटहुकुमाने अहमदियांना स्वतःला मुसलमान म्हणवणे हाच गुन्हा ठरवला. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्डमध्ये सलाम वारले. पार्थिव पाकिस्तानात नेले गेले आणि रबवा इथे आईवडिलांजवळ दफन झाले. कबरीच्या दगडावर 'पहिले मुस्लिम नोबेल मानकरी' असे इंग्रजीत कोरले होते. प्रशासनाच्या हुकमाने त्यातला 'मुस्लिम' हा शब्द रंग फासून झाकण्यात आला. उरले 'पहिले नोबेल मानकरी', म्हणजे अर्थहीन वाक्य. (वास्तविक १९७८ मध्ये शांततेचे नोबेल मिळालेले अन्वर सादात त्यांच्या आधीचे, विज्ञानातले पहिले मात्र सलामच. पण हुकूम देणाऱ्यांना खटकली ती ही चूक नव्हती.)

पाकिस्तानवर बोट दाखवणे सोपे आहे. आमच्याजवळ संसद नव्हती, पोलीस नव्हते, वटहुकूम नव्हता. फक्त एक कागद होता आणि एका भल्या माणसाची विनंती होती. तेवढ्यावर आम्ही तेच केले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. पैगंबर मुहम्मद (स.) हे अखेरचे नबी, हा आमचा अकीदा आहे आणि अहमदियांच्या शिकवणीशी आमचा मतभेद आहे. पण मतभेद असणे एक आणि दुसऱ्याच्या तोंडून त्याचे नाव काढून घेणे दुसरे. तो स्वतःला जे म्हणवतो ते त्याने म्हणवू नये, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? हिशेबाच्या दिवसाचा मालक अल्लाह आहे असे रोज नमाजमध्ये म्हणायचे आणि हिशेब मात्र आपणच शादीखान्यात उरकायचा, हे आम्हाला आता पटत नाही. आपल्या देशात १९७० च्या सुमारास केरळ उच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अहमदिया हे मुसलमानच असा निकाल दिला. एका गैरमुस्लिम न्यायाधीशाने आपल्याला इस्लामची उदारता सांगावी, याचे कोणाला वाईट वाटत असेल तर त्याने मुनीर अहवाल पुन्हा वाचावा.

शिवाय त्या फ्लेक्सवरची बाकीची चित्रे तरी निर्धोक होती का? अल-किंदीचे ग्रंथालय दरबारी कारस्थानात जप्त झाले होते. इमाम गजालींनी ज्या तीन मतांसाठी तत्त्वचिंतकांवर कुफ्रचा शिक्का मारला ती इब्न सिनाची मते होती. नबुवतीबद्दल अर-राझीच्या नावावर जी मते सांगितली जातात ती आज कोणी मोहल्ल्यात बोलून पाहावीत. इब्न रुश्दला ११९५ मध्ये हद्दपार केले आणि त्याची पुस्तके जाळली. त्या दिवशी हाजीसाहेबांनी आणि आम्ही नियम सगळ्यांना सारखा लावला असता तर दहापैकी निम्म्या चित्रांवर कागद आले असते. ही माणसे आज आपली झाली याचे कारण एवढेच की त्यांना हाकलणारे मरून गेले.

यातली दुसरी बाजू आम्हाला अधिक बोचते. आम्ही या देशातले अल्पसंख्य. आम्ही इथलेच ना, याचा पुरावा आम्हाला बँकेत, भाड्याचे घर शोधताना, क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये द्यावा लागतो. दुसऱ्याने ठरवायचे की आम्ही आत की बाहेर, हा अपमान आम्हाला तोंडपाठ आहे. आणि मग आमच्या हॉलमध्ये, जिथे आम्ही बहुसंख्य असतो, तिथे आम्हीही पुरावा मागायला बसतो.

सलाम संत होते असे कोणी समजू नये. पहिले लग्न कायम असताना १९६८ मध्ये त्यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस जॉन्सन यांच्याशी दुसरे लग्न केले. आपल्यातल्या ज्यांनी बहुपत्नीत्वाविरुद्ध लेखण्या झिजवल्या त्यांना हे रुचणार नाही. आम्हालाही रुचत नाही. १९७२ च्या जानेवारीत भुट्टोंनी मुलतानला वैज्ञानिकांसमोर अणुबॉम्बची गोष्ट काढली त्या बैठकीत ते हजर होते, आणि त्या कार्यक्रमात पुढे त्यांचा हात किती होता यावर अभ्यासकांत वाद आहे. हे सगळे बोलावे, लिहावे, त्यांना दोष द्यावा. दोष द्यायलाही माणूस समोर असावा लागतो. कागद चिकटवला की तेही संपते.

१९८१ च्या जानेवारीत सलाम भारतात आले होते. नोबेल मिळाल्यावर त्यांनी भारत सरकारला विनंती केली होती, की लाहोरला आपल्याला गणित शिकवणारे अनिलेंद्र गांगुली फाळणीत तिकडे गेले, ते कुठे आहेत हे शोधून द्या. गांगुली कलकत्त्यात सापडले. वृद्ध, अंथरुणाला खिळलेले. सलाम त्यांच्या घरी गेले, बिछान्याशी उभे राहिले, पदक गुरूच्या स्वाधीन केले आणि हे तुमचेच आहे अशा अर्थाचे बोलले. ज्याच्या देशाने त्याला आपला मानायचे नाकारले त्याने आपली माणसे अशी शोधून काढली. त्या घरात त्या क्षणी कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण अहमदिया, हे आठवणारे कोणी असेल असे आम्हाला वाटत नाही. लाहोरच्या वर्गातला एक मुलगा आणि त्याचे मास्तर होते.

हाजीसाहेब दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. वह्यापुस्तकांचे पैसे त्यांचा मुलगा पाठवतो. फ्लेक्स शादीखान्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. मध्ये पावसात छप्पर गळले तेव्हा कोणीतरी तो सतरंज्यांवर अंथरला. गणितातली ती मुलगी पुण्यात एम.एस्सी. करते आहे, विषय पदार्थविज्ञान. मागच्या ईदला घरी आली होती. कागदाखालचे नाव तिने आम्हाला पुन्हा विचारले नाही. तिला ते आता माहीत असणारच, आणि आम्ही काय उत्तर दिले होते तेही आठवत असणार. आम्हीही विषय काढला नाही. शीरखुर्मा झाला, परीक्षेच्या तारखा झाल्या, ती गेली.

या वर्षी नवा फ्लेक्स करायचा आहे. नावांची यादी आम्हीच केली आहे, दहाही नावांची. समितीची बैठक येत्या रविवारी आहे. मौलाना यंदाही येणार आहेत.